शिक्षण कोणाला दिलं?

दाना ओली, लश्कर, ग्वाल्हेर
१४ जून २०२५

अपर्णास,

आधी वर 'चि. सौ.' लिहिलं होतं. मग तो कागद फाडला. आठ महिने तू या घरात नाहीस आणि मी कसलं सौ. लिहितेय! या दुसऱ्या कागदावर नुसतं नाव लिहिलंय, चालवून घे.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोटो दिसेनासा झाला, म्हणजे ब्लॉक केलंस, एवढं मला कळतं. म्हणून हे पत्र. रजिस्टर पोस्टाने पाठवतेय, कारण साधं पत्र मिळालंच नाही म्हणायला माणूस मोकळा असतो. रागावू नकोस, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

प्रांजलीला दहावीत ब्याऐंशी टक्के पडले ते केदारने सांगितलं. लेकीचा निकाल, पण त्याने पेढेही आणले नाहीत. माझा भाऊ म्हणून नाही, तुझा नवरा म्हणून सांगते, त्याचं काही ठीक चाललेलं नाही. ऑफिसातून येतो, जेवतो, छतावर जाऊन बसतो.

आई बरी आहे. बरी म्हणजे खाते, झोपते, हात धरला की चालते. डॉक्टर म्हणतात, त्या दिवशी डोक्याला साखर पोचली नाही त्या वेळात जे गेलं ते गेलं, आता आहे ते सांभाळा. केदारला ती दादा म्हणते आणि मला अपर्णा. सकाळी पोह्यांची बशी पुढे केली की विचारते, "अपर्णा, नैवेद्य झाला का गं?" मी म्हणते झाला. मग खाते. रोज हेच.

माझं काय, ड्यूटी चालू आहे. घरी जाणाऱ्या पेशंटला इन्सुलिन कसं घ्यायचं, काय खायचं, पाय कसे तपासायचे ते शिकवायचं काम अजून माझ्याकडेच आहे. आता तर मेट्रन मॅडमनी नव्या मुलींचा वर्ग पण मलाच दिलाय. परवा मी त्यांना सांगितलं, पेशंटला "समझ में आया?" असं कधी म्हणजे कधी विचारायचं नाही. त्यावर सगळं जग "हाँ जी" म्हणतं. विचारायचं, "घरी गेल्यावर कसं कराल, ते तुमच्या शब्दांत मला सांगा." मग मी त्यांना त्या रिटायर्ड सुभेदारांची गोष्ट सांगितली. अर्धा तास "जी सिस्टर, जी सिस्टर" करून ऐकत होते, आणि सांगा म्हटल्यावर म्हणाले की गोळी सकाळ-संध्याकाळ तळपायाला चोळायची. मुली पोट धरून हसल्या. त्यातली सोनिका नावाची एक हसली नाही. म्हणाली, "मैडम, और अगर हमने खुद ही न सिखाया हो, तो?" मी म्हटलं, असं होत नाही. आणि वर्ग दहा मिनिटं आधी सोडला.

तर मुद्द्याचं. गेल्या वर्षी आईला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी वॉर्डात दोन मुली रजेवर होत्या, गणपती दोन दिवसांवर आले होते, सगळीकडे नुसती घाई. तुला जितकं बसवून सांगायला हवं होतं तितकं माझ्याकडून झालं नसेल. एवढं मी मानते. चुका कुणाकडून होत नाहीत? पण म्हणून कुणी घर सोडून माहेरी बसत नाही.

यंदा महालक्ष्म्या एक सप्टेंबरला जेवतील. तू ये. सगळे मागचं विसरलेत.

सीमंतिनी


दाना ओली
३० जून २०२५

अपर्णास,

पत्राची पोचपावती परत आली. गुलाबी कार्डावर तुझी सही. उत्तर नाही, फक्त सही.

ते कार्ड मी तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. वॉर्डात, कँटीनमध्ये, बाहेर काढायचं, बघायचं, परत ठेवायचं. किती तिरपी सही करतेस तू, आणि शेवटी खाली कशी झटक्यात रेघ ओढतेस! वीस वर्षं एका घरात राहून मी तुझी सही कधी पाहिलीच नव्हती. पाहिली असती तर निदान तशी काढली असती.

घे, लिहिलं. आता पुढचं लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं, पण नाही जात.

मागच्या पत्रात मी "सगळे मागचं विसरलेत" असं लिहिलं. वाचून तू काय म्हणाली असशील याचा मी विचार करतेय. विसरायचं तुला होतं की आम्हाला? मी किती निगरगट्ट बाई आहे!

आईच्या फाइलमधला तो हिंदी फॉर्म, 'मरीज शिक्षा पत्रक', घरच्यांना काय शिकवलं त्याची नोंद. 'शिक्षा किसको दी गई' च्या पुढे मी लिहिलं, बहू अपर्णा. 'दोहराकर बताया', म्हणजे तू परत सांगून दाखवलंस, त्याच्या पुढे हाँ वर खूण केली. आणि खाली घरच्यांच्या सहीच्या जागी तुझं नाव मी माझ्या हाताने लिहिलं. गोल गोल, शाळेतल्या बाईसारखं. तू खाली औषधं आणायला गेली होतीस, फाइल बिलिंगला जायची होती, म्हणून सही मीच केली. वाटलं, घरचीच तर आहे, घरी गेल्यावर सांगता येईल.

घरी आल्यावर मी तुला काय सांगितलं? आठ वाजता अठरा युनिट, आणि साखर बंद. बस. तेव्हा सकाळी साडेसहाला मी ड्यूटीवर जायचे म्हणून सकाळचं इंजेक्शन तुझ्याकडे आलं. पहिले पाच दिवस निभावलं, कारण गणपती आपल्याकडे बसत नाही, आईची पूजा साडेआठला आटपायची आणि ती नऊच्या आत खायची. पुढे महालक्ष्मीचा दिवस. त्या दिवशी नैवेद्य दाखवल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेत नाही, आणि सोळा भाज्या, पुरणपोळी करून नैवेद्याला दीड तरी वाजतोच. तू घड्याळ बघून बरोबर आठला सुई दिलीस. साडेदहाला तिला घाम फुटला, हात थरथरले, ती तुझ्यावर उगाच खेकसली. तू लिंबाचं सरबत करायला घेतलंस, तर इंदुमावशी म्हणाली, "अगं, शुगरच्या बाईला साखर देतेस? डोकं फिरलंय का?" तू साखरेचा डबा परत ठेवलास. आईला आत निजवलंस. वाटलं, उपासाने थकल्या असतील. नैवेद्याला उठवायला गेलीस तर ती उठेना.

बाजूला परातभर पुरण होतं, अपर्णा. चमचाभर तिच्या तोंडात गेलं असतं तरी पुरे होतं.

घाम, थरथर, चिडचिड, असं झालं की तीन चमचे साखर पाण्यात, लगेच, देव असो नाही तर कुणी असो. हे वाक्य मी सत्तावीस वर्षांत किती हजार माणसांना सांगितलं असेल. गाडीवाल्यांना, वकिलांच्या बायकांना, भिंडकडच्या घूंघटातल्या म्हाताऱ्यांना. तुला नाही सांगितलं.

आणि ऑक्टोबरात केदारने विम्यासाठी फाइल मागवली, तो कागद तुझ्यापुढे टाकला, "तुला सगळं शिकवलं होतं, ही बघ तुझी सही," म्हणाला. तू म्हणालीस, "ही माझी सही नाही." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डाळ निवडत होते. मान वर न करता मी म्हटलं, "घाईत केली असशील, आता आठवत नसेल."

दिवाळीच्या आधी बॅग भरून प्रांजलीला घेऊन मुरारला माहेरी गेलीस.

मला लाज वाटते. हे लिहायला मला नऊ महिने लागले याची तर जास्तच वाटते.

पोस्टातला माणूस मागच्या खेपेला पत्ता वाचून म्हणाला होता, "मैडम, मुरार ही तो है, टेम्पो पकड़िए, खुद दे आइए." मी म्हटलं, "आप रसीद काटिए." तोंड दाखवायची हिंमत असती तर रसीद कशाला लागली असती?

सीमंतिनी


दाना ओली
१९ जुलै २०२५

अपर्णा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पोस्टकार्डावर तीन ओळी. इथे उतरवून ठेवते, म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

"ताई, सही माझी नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, ते मला कळवून काय उपयोग? आणि मी औषधं आणायला गेले नव्हते. त्या दिवशी वॉर्डात मी तुम्हाला काय विचारलं होतं, ते तुमच्या शब्दांत लिहा."

तुमच्या शब्दांत! वा गं वा. माझंच हत्यार माझ्यावर चालवलंस. वाचून आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस मी घरात भांडी आपटली. आई घाबरून म्हणाली, "अपर्णा, काय झालं गं?" आणि मग माझ्या हातून ताटच सुटलं.

लिहिते.

पाच सप्टेंबर. दुपारचे बारा. वॉर्डात नर्सिंग स्टेशनपाशी मी उभी होते आणि माझ्याभोवती चार मुली. मी त्यांना आईचीच फाइल दाखवून शिकवत होते, डिस्चार्ज कसा करायचा ते. मोठ्या रुबाबात. तू आलीस, पदर खोचलेला, हातात आईची पाण्याची बाटली, आणि विचारलंस, "ताई, आई तर पूजा झाल्याशिवाय खात नाहीत. सणावाराला नैवेद्याला दुपार होते. मग हे इंजेक्शन आठलाच द्यायचं का? की खाणं असेल तेव्हा?"

झालं. हेच विचारलंस तू.

अपर्णा, याहून चांगला प्रश्न सत्तावीस वर्षांत मला एकाही पेशंटने विचारलेला नाही. कुणी बाहेरच्या बाईने विचारला असता तर मी तिला खुर्ची दिली असती, मुलींना म्हटलं असतं, बघा, असा पेशंट मिळायला नशीब लागतं. मी हा प्रश्न स्वतः विचारायला हवा होता. पेशंट किती वाजता खातो हे विचारल्याशिवाय इन्सुलिनची वेळ सांगायची नाही, हे मी पहिल्या तासाला शिकवते. आणि ही तर माझी आई. तिचं सोवळं, तिचा नैवेद्य, मी तिच्या हाताखाली वाढले!

पण मुलींपुढे तू मला विसरलेलं दाखवून दिलंस, तेही इतक्या साधेपणाने, आणि त्यातल्या एकीने चटकन वहीत लिहून घेतलं. मला ते झोंबलं. मी म्हटलं, "अपर्णा, इथे माझा स्टाफ आहे. मी इथे सिस्टर आहे, घरातली ताई नाही. वेळ आठची आहे म्हणजे आठची आहे. बाकीचं मला ठाऊक आहे." तू "बरं" म्हणालीस आणि आईची बॅग भरायला गेलीस. तू खोलीतच होतीस, दहा पावलांवर. औषधं आणायला कुणी गेलं नव्हतं. फॉर्म घेऊन तुझ्याकडे आले असते तर तू परत विचारलं असतंस, म्हणून मी आले नाही. मीच सही केली.

आणि अजून एक आहे, ते तू पोस्टकार्डावर लिहिलं नाहीस. बहुतेक माझ्यावर सोडलं असशील. महालक्ष्मीच्या दिवशी सकाळी निघताना मी चपला घालत होते. तू दारापर्यंत आलीस. काहीतरी बोलणार होतीस. मी बोलूच दिलं नाही. म्हटलं, "आठचं इंजेक्शन चुकवू नकोस. घड्याळ बघून दे." तुला परत विचारायचं होतं ना?

तू चुकवलं नाहीस. मी सांगितलं तस्सं केलंस. आणि सगळ्या गावाने तुला सासूची वैरीण ठरवलं. शेजारच्या भालेरावांच्या नवरात्रातल्या हळदीकुंकवात कुणी तुला वाण दिलं नाही हेही मला माहीत आहे, मी तिथेच बसले होते. मी घेतलं वाण.

मला माफ कर असं लिहायचं होतं. दोनदा लिहून खोडलं. माझ्या तोंडी ते शोभत नाही.

पण तू विचारलंस, मला कळवून काय उपयोग. खरंच आहे. तुला माहीत असलेलं तुलाच सांगून मी मोकळी व्हायला बघत होते. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं. केदारला. इंदुमावशीला. आणि हॉस्पिटलात. मला भीती वाटते. नोकरीची वाटते, आणि त्याहून जास्त, सकाळी वॉर्डात शिरल्यावर त्या मुली उभ्या राहतात ना, त्या उभ्या राहणार नाहीत याची वाटते. बघ, अजून मला त्याचंच पडलंय.

सीमंतिनी


दाना ओली
२ सप्टेंबर २०२५

अपर्णा,

काल महालक्ष्म्या जेवल्या.

तू येशील असं मनात होतं. सकाळपासून टेम्पोचा आवाज आला की मी गॅलरीत. तू आली नाहीस ते बरंच केलंस, नाहीतर तुझ्या पाठीमागे लपून मी परत गप्प बसले असते.

मी रजा घेतली होती. इंदुमावशी आदल्या दिवशीपासून मुक्कामाला. केदारने मुखवटे बसवले, साड्या काही त्याला नेसवता येईनात, दोन्ही लक्ष्म्या गबाळ्या दिसत होत्या. मी पहाटेच पुरण वाटायला घेतलं. पावणेआठला आईची साखर तपासली, पहिली वाफ आलेला वरणभात आणि एक पुरणपोळी ताटात वाढली, आणि आईपुढे ठेवली.

इंदुमावशी ओरडलीच. "अगं सीमे! नैवेद्याच्या आधी? आणि पुरणपोळी? एकदा झालं ते पुरे नाही का? त्या अपर्णेने केलं आणि आता तू..."

मी म्हटलं, "मावशी, अपर्णाने काही केलं नाही. मी केलं."

केदार हातात फुलांची परडी घेऊन दारात उभा होता. मी सगळं सांगितलं. वॉर्डातला तुझा प्रश्न, माझं उत्तर, सही, डाळ निवडत बोललेलं खोटं, सगळं. मध्ये एकदा रडू आलं, पण मी थांबले नाही, कारण थांबले असते तर मावशीने मला जवळ घेतलं असतं आणि सगळं तिथेच मिटलं असतं. आमच्याकडे असंच मिटतं ना सगळं, तुला सोडून.

मावशी म्हणाली, "बाई गं." मग, "सरबत मी थांबवलं होतं की गं तिचं." आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

केदारने परडी देवापुढे ठेवली, चप्पल घातली आणि गेला. नैवेद्य मीच दाखवला. तो संध्याकाळी सातला आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "ती मला म्हणाली होती सही तिची नाही. तिने मला तोंडावर सांगितलं होतं, ताई." एवढंच. मला बोलला असता, ओरडला असता तर चाललं असतं. मग म्हणाला, "मला मुरारला जायला तोंड नाही." मी म्हटलं, मला तरी कुठे आहे?

आई? आईने ताटाकडे पाहिलं आणि नेहमीसारखं विचारलं, "अपर्णा, नैवेद्य झाला का गं?"

वर्षभर मी तिला रोज झाला म्हणत आले. काल नाही म्हणवलं. मी म्हटलं, "नाही झाला, आई. इंजेक्शनच्या बाईने आधी खायचं असतं. देवाला मी सांगते." तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

डॉक्टर म्हणतील, त्यांना काही संदर्भ लागत नाही, असंच बोलतात. मी पण पेशंटच्या घरच्यांना असंच सांगते. तिने पोळीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. दुसरा तुकडा माझ्यापुढे धरला.

सीमंतिनी


दाना ओली
६ सप्टेंबर २०२५

अपर्णा,

हे छोटंच आहे, ड्यूटी नसली तरी घाईत आहे. ड्यूटी नाही कारण चौकशी होईपर्यंत मला घरी बसायला सांगितलंय. वर्ग तर गेलाच. परवा मी मेट्रन मॅडमपुढे सगळं लिहून दिलं. त्या म्हणाल्या, "सीमंतिनी जी, साल भर पुरानी बात है, किसी ने शिकायत भी नहीं की, क्यों खोद रही हैं?" मी म्हटलं, जिने तक्रार केली होती तिचं कुणी ऐकलं नाही. बाहेर पडताना सोनिका भेटली. मी तिला म्हटलं, त्या दिवशी तुझा प्रश्न बरोबर होता, मी उत्तर चुकीचं दिलं. ती जिना उतरेपर्यंत माझी पर्स धरून बरोबर आली.

सोबत एक कागद आहे. जुनं पत्रक काही बदलता येत नाही, ते फाइलमध्ये तसंच राहणार. म्हणून मी कोरं पत्रक मागून घेतलं आणि नव्याने भरलं. मूळ प्रत जबाबाला जोडली, ही झेरॉक्स तुझी. वेळ आली तर कोर्टात, भालेरावांच्या बैठकीत, जिथे लागेल तिथे दाखव. हे रजिस्टरने पाठवत नाही, त्यासाठी तुझी आणखी एक सही मला नको. केदार घेऊन येतोय. तोंड नाही म्हणत होता, तरी निघालाय. दार उघडायचं की नाही ते तू बघ. नाही उघडलंस तर कागद दाराच्या फटीतून सरकवायला त्याला सांगितलंय.

एकदा वाचून बघ. काही राहिलं असेल तर परत विचार, मी परत लिहीन.

मरीज़ का नाम: कुसुमताई.
शिक्षा किसको दी गई: किसी को नहीं.
दोहराकर बताया: नहीं.
परिजन ने क्या पूछा: मरीज़ पूजा से पहले नहीं खाती, तो इंसुलिन कब दें?
क्या उत्तर दिया गया: चुप करा दिया.
परिजन के हस्ताक्षर: नहीं लिए गए.
नर्स के हस्ताक्षर:

इथे मी सही केली आहे. ही माझी आहे.

सीमंतिनी